शब्द येतात, वाक्य जुळत नाही

सकाळी ६.३०
विम्को नाक्याजवळच्या आमच्या खोलीत पहिली बॅच. काडेपेट्यांचा कारखाना कधीच बंद पडला, नाक्याला नाव मात्र त्याचंच. समोर बसलेले बहुतेक एमआयडीसीत जनरल शिफ्ट करणारे. प्रत्येकाने आपल्या कामाबद्दल एक वाक्य बोलायचं. फिटरदादा उठतात : ‘आय अ‍ॅम वर्किंग सिन्स टेन इयर्स.’ मराठीत ‘दहा वर्षांपासून’ आणि ‘२०१५पासून’, दोन्हीकडे ‘पासून’च, मग इंग्रजीतही एकाच शब्दावर भागवावंसं वाटणारच. पण ‘सिन्स’ला सुरुवातीचा क्षण लागतो : २०१५, सोमवार, सकाळ. काळाची लांबी सांगायची तर ‘फॉर’. आणि दोन्हीकडे क्रियापद ‘हॅव बीन वर्किंग’. सगळे फळ्यावर आपापलं जॉइनिंगचं साल लिहितात आणि त्यावर दोन-दोन वाक्यं करतात. नियम पाठ केला तर आठवड्यात जातो. जॉइनिंगचं साल कुणी विसरत नाही.

सकाळी ११
आयांची बॅच, दिवसातली सगळ्यात बोलकी. राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. तोवर ते पाचवीला भेटायचं. इथल्या बऱ्याचजणी त्या पाचवीवाल्या, आणि मुलं इंग्रजी माध्यमात. शाळेच्या ग्रुपवर दोन ओळी लिहायच्या तरी हात थबकतो. आज एकीचा मसुदा : ‘माय सन सेड मी ही विल गिव्ह एक्झाम टुमारो.’

‘ताई, ‘से’ला माणूस चिकटत नाही. माणूस हवा तर ‘टेल’. ‘ही टोल्ड मी’.’

‘आणि ‘गिव्ह’?’

‘इंग्रजीत परीक्षा मुलगा ‘टेक’ करतो.’

‘म्हणजे आम्ही रात्रभर जागून अभ्यास घ्यायचा, आणि देणार टीचर?’

वर्ग हसतो. मी ‘गिव्ह’ फारसं ताणत नाही, देशभर सगळे तसंच बोलतात. ‘सेड मी’ मात्र सोडत नाही.

दुपारी २
वह्या. कुणीतरी शब्दार्थांची सुंदर यादी केलीय : डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी. अशा याद्यांचा मला कंटाळा आहे. ‘डिस्कस म्हणजे चर्चा करणे’ एवढ्यावर वाक्य ‘डिस्कस अबाउट’च होणार, कारण चर्चा आपण कशाबद्दल तरी करतो. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होता, तेव्हा त्याला हेच दिसलं : परक्या विद्यार्थ्याला अर्थाइतकीच शब्दाची वाक्यातली जागा दाखवावी लागते. त्याचा कोश १९४२मध्ये जपानमध्ये छापला गेला आणि १९४८मध्ये ऑक्सफर्डने काढला. आज तोच ‘अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’ म्हणून दुकानात मिळतो.

संध्याकाळी ५.३०
नववी-दहावी. ‘लेंड’ आणि ‘बॉरो’. एकमेकांचे पेन मागायला लावले, अर्ध्या तासात आटोपलं.

रात्री ९
मुंबईहून लोकलने परतलेले. डोळ्यांवर झोप, पण उद्याचा मेल डोक्यात. ‘प्लीज रिव्हर्ट बॅक’ आणि ‘मीटिंग प्रीपोन’ आज पुन्हा निघतात. ‘प्रीपोन’ आपल्याकडे रुळलेला, ऑक्सफर्डच्या कोशातही गेलेला शब्द. तो खुशाल वापरा. ‘रिव्हर्ट’ची गोष्ट वेगळी. त्याचा मूळ अर्थ पूर्वस्थितीला जाणं, आणि परदेशातला क्लायंट त्यावर अडखळू शकतो. ‘रिप्लाय’ लिहिलं की काम होतं.

निघताना रोज कुणीतरी विचारतं, सर, कुठला शब्दकोश घेऊ? तुम्हीही घेणार असाल तर खिशातला इंग्रजी-मराठी एकटाच घेऊ नका. प्रत्येक शब्दाखाली उदाहरणाची वाक्यं असलेला घ्या, जुन्या पुस्तकांच्या दुकानातला चालेल. आणि ‘डिस्कस’ काढून अर्थाआधी ती वाक्यं वाचा.