जुन्या व्हॅनमधून कोकण फिरायचंय? आधी ‘विंटेज’चा नियम समजून घ्या

मागे गादी, कोपऱ्यात छोटी शेगडी आणि दार उघडलं की समोर समुद्र! जुनी व्हॅन सजवून किनारपट्टीवर भटकण्याचं स्वप्न अनेकजण पाहतात. मात्र गाडीला ‘विंटेज’ नंबर घेतला, तर हाच प्रवास नियमात अडकू शकतो.

‘विंटेज’ कोणाला म्हणायचं?

केंद्राच्या 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात जपलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘विंटेज’ ठरते. नव्या नोंदणीचं शुल्क 20 हजार रुपये आहे, मुदत 10 वर्षांची. नंबर प्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरं येतात.

खरी मेख पुढे आहे. अशी गाडी प्रदर्शन, विंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं किंवा दुरुस्ती अशा कामांसाठीच रस्त्यावर आणता येते. नियमित वापराला परवानगी नाही. शिवाय मूळ रूप जपण्याची अट असल्याने आत बेड-किचन बसवणंही अडचणीचं.

आपल्याकडची मारुती व्हॅन, म्हणजेच नंतरची ओम्नी, 1984 मध्ये आली. त्यामुळे सर्वांत जुनी मारुती व्हॅनही 2034 पर्यंत ‘विंटेज’ ठरत नाही.

मग कोणती नोंदणी हवी?

साधी खासगी नोंदणी. 15 वर्षांनंतर आरटीओत तपासणी करून ती दर 5 वर्षांनी वाढवता येते. 2022 पासून कारसाठी हे शुल्क 5 हजार रुपये झालं. 2025 मध्ये 20 वर्षांवरील कारसाठी ते 10 हजार करण्यात आलं. महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. जुनी व्हॅन घेताना हा खर्च किमतीत धरा.

आत बदल करता येतात का?

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार आरसीवरील तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. बेकायदा बदलासाठी प्रत्येकी 5 हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. सीट काढून कायमचा बेड बसवण्याआधी आरटीओला विचारा. विमा कंपनीलाही कळवा, नाहीतर अपघातानंतर क्लेम अडू शकतो.

मुक्काम कुठे?

राज्याने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. पाणी, वीज आणि सांडपाण्याची सोय असलेली कॅराव्हॅन पार्क ही त्यातली कल्पना. जवळपास असं पार्क नसेल, तर होमस्टेवाल्यांना विचारून त्यांच्या अंगणात गाडी लावणं उत्तम. शौचालय आणि पाण्याचा प्रश्नही सुटतो.

गाडी वाळूत मात्र नेऊ नका. गोव्यात किनाऱ्यावर गाडी चालवण्यास आणि उघड्यावर स्वयंपाक करण्यास मनाई आहे. 2022 च्या आदेशात दंड 5 ते 50 हजार रुपये ठेवला होता. वेळास, आंजर्ले इथे कासवांची पिल्लं समुद्राकडे निघतात, तेव्हा गाडीच्या दिव्यांनी त्यांची दिशा चुकते.

भरतीचं गणित

ओहोटीला कडक वाटणारी ओली वाळू चाकाखाली खचते आणि भरतीचं पाणी कोणासाठी थांबत नाही. किनाऱ्यावरचा जुना हिशोब सोपा आहे: तिथीचा पाऊणपट काढा, भरतीची वेळ मिळते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहाच्या सुमारास. साधारण सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी जास्त आत येतं. हा फक्त अंदाज आहे. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहा.

निघण्याआधी हे तपासा

- ब्रेक आणि कूलिंग: घाट उतरताना लोअर गिअर ठेवा, सतत ब्रेक दाबू नका.
- फेरीबोट: दाभोळ–धोपावे, वेश्वी–बागमांडला, तवसाळ–जयगड इथे गाडी बोटीतून पलीकडे नेता येते. मोठा वळसा वाचतो. शेवटच्या फेरीची वेळ आधी विचारा.
- शेगडी: बंद व्हॅनमध्ये पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेत कळतही नाही.
- गंज: परतल्यावर गाडीचा खालचा भाग गोड्या पाण्याने धुवा. खारी हवा जुन्या पत्र्याला लवकर खाते.
- कागदपत्रं: आरसी, विमा, पीयूसी सोबत ठेवा. आरसीची मुदत प्रवासाच्या मध्येच संपत नाही ना, हे नक्की पाहा.