गंजाडचा जिव्या आणि मधला माणूस

जालना जिल्ह्यात वारल्यांची वस्ती नाही. भोकरदनपासून घनसावंगीपर्यंत कुणी तारपा वाजवत नाही की लग्नात पालघट देवीचा चौक लिहीत नाही. तरी आमच्याकडच्या शाळांच्या भिंतींवर गेरूच्या रंगावर पांढरी माणसं फेर धरून नाचताना दिसतात. खाली रंगरंगोटीचा खर्च उचलणाऱ्याचं नाव असतं, चित्र मुळात कुणाचं ते नसतं. विचारलं तर उत्तर ठरलेलं: आदिवासी परंपरा आहे ती, तिला कसलं नाव?

या उत्तरानं मला बरीच वर्षं छळलं आहे, कारण ते निम्मंच खरं आहे. परंपरा होती ती लग्नाच्या चौकाची. शेणामातीनं सारवलेल्या, गेरू दिलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं सवाशिणी तो लिहायच्या. मध्ये पालघट देवी, शेजारी छोट्या चौकात घोड्यावरचा पंचशिऱ्या देव, आणि लग्न लावणाऱ्या धवलेरीची गाणी चालू. लग्न पार पडलं की चौकाचं काम संपलं. पुरुषानं तो लिहायचा नाही. लग्न नसताना, सहज मनात आलं म्हणून लिहायचा तर प्रश्नच नाही.

हा दंडक मोडणारा माणूस म्हणजे जिव्या सोमा म्हसे. जन्म १९३४चा, तलासरी तालुक्यातल्या धामणगावचा. सातव्या वर्षी आई गेली आणि पोरानं बोलणंच टाकलं. काही सांगायचं असेल तर धुळीत बोटानं रेघा ओढायचा. तो अकरा वर्षांचा असताना त्याच मुलखात वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला आणि ऑक्टोबर १९४५मध्ये तलवाड्याला गोळीबार झाला. उठावाच्या नेत्या गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकातला हाच तो मुलूख. जिव्याच्या चित्रांत मात्र हा उठाव शोधूनही सापडत नाही. कुणाला याचं वाईट वाटेल, मला वाटत नाही. माणसानं काय काढावं हे त्याच्या जन्मगावावरून ठरवायचं नसतं.

पुढे तो डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या कळंबीपाड्यावर राहायला आला आणि शेतमजुरी करता करता रोज चित्रं काढू लागला. इथवरची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. मला रस आहे तो त्याच्या दारात येऊन पोचलेल्या दुसऱ्या माणसात.

भास्कर कुलकर्णी हा मुंबईच्या वीव्हर्स सर्व्हिस सेंटरमधला चित्रकार. हातमागासाठी नवे नमुने तयार करणाऱ्या या सरकारी केंद्रांनी एका पिढीतले कितीतरी चित्रकार जगवले. आपले अकोल्याचे अंबादास तिथलेच, प्रभाकर बरवेही तिथलेच. १९६६-६७मध्ये बिहारात दुष्काळ पडला, तेव्हा हातमाग-हस्तकलांचा सरकारी कारभार पाहणाऱ्या पुपुल जयकरांनी भास्करला तिथल्या मिथिलेत पाठवलं. काम सोपं वाटणारं होतं. भिंतीवर चित्रं काढणाऱ्या बायकांना कागद द्यायचे, काढलेली चित्रं विकायची आणि पैसे त्यांच्या हातात पोचवायचे. जितवारपूरच्या जगदंबादेवी आणि सीतादेवी, रशीदपूरच्या गंगादेवी ही नावं देशाला कळली ती त्या कागदांमुळे. तिघींनाही पुढे पद्मश्री मिळाली.

एवढं एक काम कुणाच्याही हयातीला पुरलं असतं. भास्करनं तेच काम सत्तरच्या दशकात पुन्हा केलं, डहाणूच्या डोंगरात. गंजाडला तो नुसता पाहणी करून परतला नाही, तिथे राहिला. बायकांचे चौक पाहता पाहता त्याची नजर जिव्यावर पडली. त्याच्या रेघा चौकात मावत नव्हत्या. कागद आला आणि त्यांना मोकळं रान मिळालं. १९७५मध्ये मुंबईत जहांगीरच्या इमारतीतल्या गॅलरी केमोल्डमध्ये जिव्याचं प्रदर्शन भरलं, पुढच्याच वर्षी राष्ट्रीय पुरस्कार. दोन वेगळ्या प्रांतांतल्या, एकमेकांशी काडीचा संबंध नसलेल्या चित्रकलांना कागदावर आणणारा हा एकच मराठी माणूस. तो १९८३मध्ये गेला, तोही मुंबईत नव्हे, दरभंग्यात. शाळेतल्या चित्रकलेच्या तासाला त्याचं नाव कुणी काढत नाही.

त्यानं कागद आणून वारल्यांची पवित्र चित्रं बाजारात बसवली, असा एक आक्षेप घेतला जातो. मला तो अर्धवट वाटतो. लग्नाच्या भिंतीवरचा चौक बाजारात गेला नाही. तो अजून सवाशिणींकडे आहे, लग्नातच लिहिला जातो. बाजारात गेलं ते जिव्यानं नव्यानं रचलेलं जग. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून उभा केलेला माणूस परंपरेनं दिलेला खराच. पण जिव्याचं मासेमारीचं जाळं पाहा. बारीक पांढऱ्या विणीनं जवळजवळ सगळा कागद व्यापलेला, आणि त्या अफाट जाळ्यापुढे टाचणीएवढा माणूस. चौकात असं काही कधीच नव्हतं. याला लोककला म्हणून मोकळं होणं हा शुद्ध आळस आहे.

१९८९मध्ये पॅरिसला पॉम्पिदू केंद्रात ‘धरतीचे जादूगार’ या अर्थाच्या नावाचं गाजलेलं प्रदर्शन भरलं. जगभरच्या चित्रकारांत जिव्या होता, आणि कॅनडातल्या ओजिब्वे जमातीचा नॉर्व्हल मॉरिसोही. मॉरिसो वयानं दोनेक वर्षांनी मोठा. जमातीच्या पवित्र कथा परक्यांसमोर मांडतोस म्हणून त्याला स्वकीयांनीच बोल लावले. त्यालाही मधली माणसं भेटली. त्यांतल्या जॅक पोलॉक नावाच्या गॅलरीवाल्यानं १९६२मध्ये टोरांटोत त्याचं प्रदर्शन भरवलं. पण एक फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. १९७३मध्ये मॉरिसोच्या बायकोच्या भावांनी रेड लेक गावात स्वतःचा छापखाना काढला. स्क्रीन प्रिंटिंगनं ते मॉरिसोची आणि स्वतःची चित्रं छापत. म्हणजे छापणारे घरचेच, आणि छापलेल्या चित्राला चित्रकाराचं नाव.

गंजाडला असा छापखाना निघाला नाही. तेच तंत्र आपल्याकडे साड्या, चादरी आणि मगांवर वारली माणसं छापायला कामी आलं, बिननावानं. मॉरिसोच्या नावावर खोटी चित्रं विकणाऱ्या टोळ्यांतल्या आठ जणांना मार्च २०२३मध्ये अटक झाली. आपल्याकडे जिव्याच्या नावाची चोरी करायची गरजच कुणाला पडत नाही. परंपरा म्हटलं की फुकट घेता येतं. २०१४मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं, हे चांगलंच झालं. पण ते सगळ्या जमातीच्या कलेला मिळालेलं आहे. एका माणसाच्या कल्पनेला त्याचं कवच मिळत नाही.

जिव्याला मानसन्मान कमी मिळाले नाहीत. २००३मध्ये जर्मनीत ड्युसेलडॉर्फला रिचर्ड लाँग या इंग्लिश शिल्पकाराबरोबर त्याची चित्रं लागली. २००९मध्ये नेदरलँड्सचा प्रिन्स क्लॉस पुरस्कार, २०११मध्ये पद्मश्री. सरकारनं देऊ केलेली जमीन हातात पडायला मात्र काही दशकं गेली. मे २०१८मध्ये तो वारला. सदाशिव आणि बाळू या मुलांनी वडिलांचा कुंचला खाली ठेवलेला नाही.

वाचकांना एकच सांगणं आहे. भास्कर कुलकर्णीबरोबर काम केलेली, शिकलेली मंडळी मुंबई-पुण्यात होती. त्यांच्या घरच्या ट्रंकांत त्याची पत्रं, फोटो, रेखाटनं असण्याचा संभव आहे. तुमच्या घरात असं काही निघालं तर ते रद्दीत घालू नका, एखाद्या संग्रहालयाकडे सोपवा. आणि गावच्या शाळेच्या भिंतीवर फेर धरलेली माणसं रंगवून घ्याल, तेव्हा देणगीदाराच्या नावाच्या वर आधी जिव्या सोमा म्हसे, गंजाड, एवढं लिहायला रंगाऱ्याला सांगा.