घोणस सापाचे विष व त्याचा रक्तावरील परिणाम

तळवडे व इंद्रायणीकाठच्या आसपासच्या गावांत कारखाने व वसाहती वाढल्या असल्या, तरी उरलेली शेते, गवताचे बांध व पडीक जागा यांत उंदीर असतातच. आणि उंदरांच्या मागे घोणस येण्याचा संभव असतो. तपकिरी अंगावर साखळीसारख्या लांबट ठिपक्यांच्या तीन रांगा आणि कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फूत्कार ही या सापाची ओळख होय. अजगराचे पिल्लू समजून त्यास कोणीही हात लावू नये.

हे विष मुख्यत्वे रक्तावर कार्य करते. रक्त गोठविणारे घटक ते एकाएकी चेतविते. त्यामुळे रक्तवाहिन्यांत सूक्ष्म गुठळ्या होऊन या घटकांचा साठा संपतो व पुढे रक्त गोठेनासे होते. दंशाची जागा सुजते, तीव्र वेदना होतात, हिरड्यांतून व लघवीवाटे रक्त जाते. मूत्रपिंडे निकामी झाल्यास लघवी कमी होते.

रुग्णालयात रोग्याचे २ मिलिलिटर रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत २० मिनिटे न हलविता ठेवतात. नळी कलती केल्यावर ते पातळच राहिलेले दिसले, तर प्रतिविष देतात. घोड्यांना सापाचे विष अल्प प्रमाणात टोचून त्यांच्या रक्तापासून हे औषध तयार करतात. हाफकिन महामंडळाचे हे कार्य आपल्या नजीकच्या पिंपरीत होत आले आहे. १० मिलिलिटरच्या एका कुपीने घोणसचे सुमारे ६ मिलिग्रॅम विष निष्प्रभ होते, तर एका दंशातून सरासरी ६३ मिलिग्रॅम विष अंगात जाते. म्हणून आरंभीच सुमारे १० कुप्या द्याव्या लागतात.

प्रतिविषाने रक्तातील विष मारले जाते. निकामी झालेली मूत्रपिंडे मात्र त्याने पूर्ववत होत नाहीत. यास्तव मांत्रिकाकडे वेळ दवडू नये. रक्त गोठत नसता जखमेस चीर देणे म्हणजे रक्तस्रावास वाट करून देणेच होय. दोरीने घट्ट आवळल्यास तो अवयव सडण्याचा धोका असतो. रोग्यास धीर द्यावा, अंगठी व कडे काढावे, दंश झालेला अवयव फळीस हलकेच बांधून स्थिर ठेवावा व रोग्यास चालू देऊ नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून त्यास पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयासारख्या मोठ्या रुग्णालयात त्वरित न्यावे.

शेतकरी बंधुभगिनींनी गवत कापताना उंच बूट घालावेत, आधी काठीने गवत हलवावे व रात्री पाणी देण्यास जाताना विजेरी बाळगावी.