बॉस्टनच्या गोदामातलं क्योतोचं घर

बॉस्टनमध्ये फोर्ट पॉइंट कालव्याच्या काठावर लोकरीचं एक जुनं विटांचं गोदाम आहे. दारासमोर दुमजली घराहून उंच अशी लाकडी दुधाची बाटली उभी आहे, त्यामुळे चुकायचा प्रश्न येत नाही. 1979 पासून या गोदामात मुलांचं संग्रहालय भरतं. आत शिरलं की चढायच्या जाळ्या, साबणाचे फुगे, धावणारी पोरं आणि त्यांच्या मागे धावणारे आईबाप. या सगळ्या गलक्यात, एका मजल्यावर, क्योतोहून आणलेलं एक अख्खं घर उभं आहे. नमुना नाही, देखावा नाही. माणसं नांदलेलं, शंभरेक वर्षं जुनं, रेशमाच्या व्यापाऱ्याचं दुमजली घर.

माझी मुलगी सात वर्षांची आहे. या उन्हाळ्यात आई राजापूरजवळच्या आमच्या गावाहून आली, तेव्हा दोघींना घेऊन मी तिथे गेले. पाहुण्यांना मी आधी याच घराशी नेते, कारण या घरात कळण्यासारखं जे आहे ते पाटी वाचून कळत नाही. बसावं लागतं, वाकावं लागतं, दार सरकवावं लागतं.

घर इथे कसं आलं ते आधी सांगते. क्योतो आणि बॉस्टन ही 1959 पासून भगिनी-शहरं. नात्याला वीस वर्षं झाली तेव्हा क्योतोने बॉस्टनच्या मुलांना हे घर दिलं. क्योतोहून आलेल्या सुतारांनी ते इथे पुन्हा जोडलं. ते नेमकं याच संग्रहालयात का आलं, यालाही कारण आहे. संग्रहालय 1913 सालचं. 1962 साली मायकेल स्पॉक इथे संचालक झाले. बालसंगोपनावरच्या पुस्तकामुळे घरोघरी माहीत असलेल्या डॉक्टर बेंजामिन स्पॉक यांचे ते चिरंजीव. त्यांना स्वतःला वाचनाची अडचण होती, डिस्लेक्सिया. हाताला लागल्याशिवाय गोष्ट मनात शिरत नाही हे ते लहानपणापासून जाणत होते. त्यांनी काचेची कपाटं मागे सारली आणि वस्तू मुलांच्या हातात दिल्या. 1964 साली त्यांनी वस्तूंच्या पोटात काय असतं ते दाखवणारं प्रदर्शन मांडलं आणि रोजच्या वापरातल्या वस्तू चक्क मधोमध कापून ठेवल्या. अशा जागी परदेशातलं घर आलं, तर ते दोरी बांधून लांबून दाखवण्यासाठी येणार नव्हतंच.

क्योतोतल्या अशा घराला माचिया म्हणतात. पुढे दुकान किंवा काम, मागे संसार. रस्त्याकडे तोंड अरुंद आणि आत खोलवर लांबी. तिथले लोक याला ‘वामाशाचा बिछाना’ म्हणतात. वाम हा सापासारखा लांबोडका मासा. आईला हे नाव सांगितल्याबरोबर पटलं. कोकणातल्या माणसाला वाम समजावून सांगावा लागत नाही.

दर्शनी बाजूला लाकडी गजांची जाळी असते. आतून रस्ता दिसतो, रस्त्यावरून आतलं दिसत नाही. कारण साधं आहे: उजेड बाहेर जास्त, आत कमी. क्योतोत या जाळीवरून धंदा ओळखू यायचा. तांदळाच्या आणि दारूच्या दुकानांचे गज जाड, कारण तिथे जड पोती आणि पिंपं आदळायची. सूत-रेशीमवाल्यांच्या जाळीत मात्र काही गज वरच्या बाजूला मुद्दाम आखूड ठेवलेले. धाग्याचा रंग पारखायला वरून उजेड हवा म्हणून. जाळीचा आकार धाग्याच्या रंगाने ठरतो, ही गोष्ट मला अजूनही नवीच वाटते.

मग चपला. आमच्या मुलीला चपला काढणं नवीन नाही, आमच्याही घरी त्या दाराशीच राहतात. पण इथे फरक उंचीचा आहे. दारातून शिरल्यावर पहिली जागा बाहेरच्याच पातळीवर, आणि राहती जमीन तिथून चांगली वर उचललेली. म्हणजे आत जाणं हे वर चढणं आहे. जपानी भाषेत घरात या म्हणताना ‘वर या’ असंच म्हणतात. त्या काठावर टेकायचं, चपला काढायच्या, त्यांची तोंडं दाराकडे वळवून ठेवायची. निघताना पाय थेट आत जातात. आई म्हणाली, “म्हणजे ओटीच की.” जवळजवळ तसंच. जमीन वर उचलण्यामागे रीत आहे तसं हवामानही आहे. क्योतो डोंगरांच्या कुशीत, खोलगट जागी वसलंय. उन्हाळा दमट आणि कोंदट. जमिनीखालून वारा खेळला नाही तर सगळं बुरशीने जाईल.

आता तातामी. यावर मी सर्वांत जास्त वेळ काढते. तातामी म्हणजे नुसती चटई नव्हे. आत भाताच्या पेंढ्याचा दाबून शिवलेला चारपाच सेंटिमीटर जाड गाभा, वरून इगुसा नावाच्या लव्हाळ्याचं घट्ट विणलेलं कापड, लांब कडांना कापडी पट्टी. पाय ठेवला की किंचित दबते आणि वर येते. हिच्यावर बूटच काय, घरातल्या स्लिपाही चालत नाहीत. कापडी पट्टीवर पाय देऊ नये अशीही रीत आहे. मुलीने हे ऐकलं आणि मग सगळा वेळ लंगडीच्या घरांत चालावं तशी पट्ट्या चुकवत चालली.

लांबी रुंदीच्या बरोबर दुप्पट, हे तातामीचं मुख्य सूत्र. क्योतोची तातामी 191 सेंटिमीटर लांब आणि साडेपंच्याण्णव रुंद. तोक्योकडची यापेक्षा लहान. खोली केवढी, हे फुटांत न सांगता किती तातामींची ते सांगतात: साडेचार, सहा, आठ. साडेचार हा आकडा ऐकून मुलीने विचारलं, “अर्धी चटई कशाला?” घरी आल्यावर आम्ही कागद कापून ते पाहिलं, तुम्हीही पाहा. दोन बोटं रुंद आणि चार बोटं लांब असे चार तुकडे घ्या. एक तुकडा दोन बोटं बाय दोन बोटं. छोटा चौकोन मध्ये ठेवा आणि चार तुकडे त्याच्याभोवती एकामागे एक फिरवत लावा, भिरभिऱ्याच्या पात्यांसारखे. बरोबर सहा बोटांचा चौरस तयार होतो, फट नाही, उरलंसुरलं नाही. आणि नीट बघा: चार कोपरे एकाच ठिकाणी कुठेही भेटत नाहीत. रोजच्या राहत्या खोलीत चार कोपरे एकत्र येऊ देत नाहीत, ती मांडणी अशुभ मानतात.

क्योतोकडच्या बांधणीत या सूत्राने घराचा सांगाडा ठरतो. आधी तातामीचं माप, मग तिच्या बाहेरून खांब. म्हणून एका घराची तातामी दुसऱ्या घरात बसते. हेच माप वापरणाऱ्या ओसाकात पूर्वी भाड्याचं घर ‘नागडं’ मिळायचं, नुसते खांब, भिंती आणि छप्पर. भाडेकरू आपल्या तातामी आणि सरकती दारं बरोबर घेऊन यायचा आणि जाताना घेऊन जायचा.

दारं दोन प्रकारची. फुसुमा जाड, दोन्ही बाजूंनी कागद चढवलेलं, पलीकडचं न दिसणारं. शोजी म्हणजे लाकडी चौकटीच्या बारीक जाळीवर एकाच बाजूने डकवलेला पातळ कागद. तो कागद तुतीच्या जातीच्या एका झाडाच्या सालीतून करतात. धागे लांब असतात, म्हणून कागद पातळ असूनही चिवट, आणि ऊन त्यातून गाळून आल्यासारखं सारखं पसरतं. मुलांना एवढंच सांगते: बोट पुढे करू नका. जपानी घरांतही मुलं शोजीला भोकं पाडतातच. मग तेवढ्याच भोकापुरतं कागदाचं फूल कापून चिकटवतात. वर्षअखेरीच्या साफसफाईत सगळा कागद बदलतात, आणि त्या दिवशी जुन्या कागदातून मुठी आरपार घालायची मुलांना मुभा असते. मुलीने लगेच विचारलं, ती साफसफाई नेमकी कधी असते.

या दारांना बिजागरी नाही, चाकं नाहीत. मग ती बसवतात कशी? खाली बसून बघितल्यावर कळतं. उंबऱ्यातली खाच अगदी उथळ, दोनतीन मिलिमीटर. वरच्या आडव्या लाकडातली खाच खोल, दीड सेंटिमीटरच्या आसपास. दार वरच्या खाचेत आधी घुसवायचं, मग खालचा भाग आत घेऊन सोडायचं. काढताना उलट: वर उचललं की खालून सुटतं. एकटं माणूस एका मिनिटात दार काढून भिंतीला टेकवू शकतं.

त्यामुळे घर ऋतूप्रमाणे बदलता येतं. उन्हाळ्याच्या तोंडाशी कागदाची दारं काढतात आणि बोरूच्या काड्यांची बसवतात, वारा यावा म्हणून. लग्नकार्याला सगळी दारं काढली की तीन खोल्यांचा एक दिवाणखाना होतो. जुलैमध्ये क्योतोत गिओनचा उत्सव असतो. तेव्हा जुन्या पेठांतली घरं रस्त्याकडची बाजू उघडतात आणि पिढीजात चित्रांचे घडीचे पडदे येणाऱ्याजाणाऱ्यांना बघायला मांडतात.

घराच्या पोटात एक इवलीशी बाग असते, कधी खोलीपेक्षाही लहान. लांबट घराच्या मधल्या खोल्यांना उजेड येतो तो तिथूनच. वारासुद्धा तिथूनच येतो. संध्याकाळी दारात आणि बागेत पाणी शिंपडतात. जिथे शिंपडलं तिथली हवा थंड होते, दुसरीकडची गरम राहते, आणि मधल्या उघड्या खोल्यांतून झुळूक सरकते. एका कडेने पुढून मागे मातीच्या जमिनीची वाट जाते आणि चुली तिथेच. त्यावर माळा नाही, थेट छपरापर्यंत मोकळं. धूर, वाफ आणि एखादवेळी उडालेली ठिणगी, सगळ्यांना वर जायला जागा. हिवाळ्यात मात्र असं घर फार गारठतं. चौदाव्या शतकात क्योतोच्या योशिदा केन्को नावाच्या भिक्षूने लिहून ठेवलंय की घर बांधावं ते उन्हाळ्याचा विचार करून, हिवाळ्यात माणूस कुठेही राहील.

आता मुख्य कोडं. एवढं घर उतरवलं कसं आणि जोडलं कसं? उत्तर सांध्यांत आहे. जपानी सुतारकामात मुख्य सांगाडा खिळ्यांवर अवलंबून नसतो. एका लाकडाला कुसू, दुसऱ्याला भोक. दोन तुळया लांबीत जोडायच्या तर दोघींची टोकं एकमेकींत अडकतील अशी तासायची आणि आडवी लाकडी खुंटी ठोकायची. दमट हवेत लाकूड फुगतं, कोरड्यात आकसतं. खुंटीही लाकडाचीच, तीही बरोबरीने फुगते आणि आकसते. लोखंडी खिळा गंजतो आणि भोवतीचं लाकूड खातो. खुंटी ठोकून बाहेर काढली की सांधा सुटतो. जोडलं त्याच्या उलट क्रमाने उतरवत जायचं: आधी कौलं, मग वासे, तुळया, शेवटी खांब.

पण शेकडो तुकड्यांतला कुठला कुठे? त्यासाठी सुतारांची जुनी पद्धत आहे. घराच्या नकाशावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन पाडतात. एका बाजूला आकडे, दुसऱ्या बाजूला अक्षरं: इ, रो, हा, नि. आपल्या क, ख, ग, घ सारखा हा जपानचा जुना अक्षरक्रम. प्रत्येक खांबावर त्याचं घर लिहिलेलं असतं: ‘रो तीन’, ‘हा पाच’. मुलीला हे समजायला अर्धं मिनिट लागलं. तिच्या वर्गात नकाशावर जागा शोधायचा खेळ असाच खेळतात.

भिंती मात्र अशा सुटत नाहीत. क्योतोच्या जुन्या घरात खांबांच्या मध्ये बांबूच्या पट्ट्यांची जाळी दोरीने बांधतात आणि तिला दोन्ही बाजूंनी माती लिंपतात. ती मोडावीच लागते आणि नव्या जागी नव्याने घालावी लागते. हे मी सांगत होते तेव्हा आई भिंतीजवळ वाकून बघत होती. तिच्या माहेरचं घर कुडाचं होतं. दर वर्षी पावसाळा सरला की ती आणि तिच्या बहिणी कूड लिंपायला बसायच्या.

“मातीत तूस घालतात का गं?” तिने विचारलं.

म्हटलं, तूस नाही, भाताचा पेंढा. बारीक कापून चिखलात तुडवतात आणि महिनोन्महिने कुजत ठेवतात. चिकटपणा आला की मग लिंपायला घेतात.

“महिनोन्महिने?” ती थोडा वेळ गप्प राहिली. “आम्ही आठवडाभर ठेवायचो. म्हणून भेगा जायच्या.”

मुलीने तिचा हात धरून विचारलं, “आजी, तू भिंत केलीयस?”