आंबा उतरला, गुरखे निघाले. पण नेपाळची हद्द आता पूर्वीची राहिली नाही

रत्नागिरी : मे महिना सरत आला, शेवटच्या पेट्या वाशीला गेल्या की बागांमधले गुरखे गाठोडी बांधायला लागतात. दिवाळीच्या मागेपुढे आलेली ही माणसं सहा-सात महिने कलमांची राखण करतात, वानरं हाकलतात, फवारणीच्या पाइपा ओढतात, आंबा काढतात. पाऊस पडायच्या आत त्यांना घर गाठायचं असतं, कारण तिकडेही भाताची लावणी असते. रत्नागिरी स्टेशनवर मंगला एक्स्प्रेसच्या जनरल डब्यापुढे त्या दिवसांत त्यांची गर्दी कोणीही बघून घ्यावी.

आपल्याकडे सरसकट समज असा की नेपाळ म्हणजे परदेश नव्हेच, कधीही जावं, कधीही यावं. कायद्याने पाहिलं तर ते आजही बरंचसं खरं आहे. पण ज्याने पंचवीस वर्षांपूर्वी ही हद्द ओलांडली आणि परवा पुन्हा ओलांडली, त्याला विचारलं तर तो वेगळं सांगेल.

मुळात ही मोकळीक आली कुठून? ३१ जुलै १९५० रोजी भारत आणि नेपाळमध्ये शांतता आणि मैत्रीचा करार झाला. त्याच्या सातव्या कलमात लिहिलं आहे की एका देशाच्या नागरिकाला दुसऱ्या देशात राहणं, फिरणं, व्यापार करणं, मालमत्ता घेणं याची मुभा असावी. व्हिसा नाही, कामाचा परवाना नाही. म्हणून नेपाळी माणूस आपल्याकडे बागेत राबतो, हॉटेलात भांडी घासतो, रात्रीची राखण करतो, त्यासाठी त्याला कुठला परवाना काढावा लागत नाही. उलट बाजूला मात्र तेवढी मोकळीक नाही. भारतीय माणसाला नेपाळात जमीन घेता येत नाही. त्यावर दिल्ली-काठमांडूत अधूनमधून कुरबुर चालू असते, ती आपण बाजूला ठेवू.

हद्द लांब आहे, १७५१ किलोमीटर. उत्तराखंड, उत्तर प्रदेश, बिहार, पश्चिम बंगाल आणि सिक्कीम अशा पाच राज्यांना ती लागते. बहुतेक ठिकाणी कुंपण नाहीच. शेताच्या बांधासारखे खांब आणि खांबांच्या दोन्ही अंगाला मोकळी सोडलेली जमीन, तिला तिकडचे लोक दशगजा म्हणतात. एका गावाचा सोयरा पलीकडच्या गावात, गुरं इकडची तिकडे चरतात, बाजार एकाचा आणि गिऱ्हाईक दुसऱ्याचं.

आपल्याकडे येणारे बरेच जण नेपाळच्या पश्चिम टोकाचे, कैलाली, कंचनपूर, डोटी, अछाम या भागांतले. त्यांची वाट उत्तराखंडातल्या बनबसावरून जाते. दिल्लीला उतरायचं, आनंदविहारहून रात्रीची बस धरायची, सकाळी बनबसा. तिथून शारदा नदीवरच्या धरणाचा अरुंद पूल. हे धरण इंग्रजांनी बांधलं, त्याचा कालवा १९२८ साली सुरू झाला, आणि त्याच बंधाऱ्यावरून आजही दोन देशांची ये-जा चालते. गाड्यांना पूल ठरावीक वेळेलाच उघडतो. चालत जाणारे, टांगे, ई-रिक्षा यांची रांग लागलेली असते. पलीकडे गड्डाचौकी, मग महेंद्रनगर आणि तिथून डोंगरातल्या बसगाड्या.

पूर्वी या वाटेवर विचारणारं फारसं कोणी नव्हतं. गाठोडं डोक्यावर घेऊन माणूस चालत निघायचा आणि पलीकडे पोचायचा. फरक पडायला लागला तो १९९९च्या डिसेंबरात. काठमांडूहून दिल्लीला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं विमान अपहरण करून कंदाहारला नेलं, हे सगळ्यांना आठवत असेल. त्यानंतर विमानाने येणाऱ्या-जाणाऱ्यांना ओळखपत्र सक्तीचं झालं. २००१ साली या हद्दीवर सशस्त्र सीमा बल नेमलं गेलं. त्याच साली नेपाळनेही आपलं सशस्त्र प्रहरी दल उभं केलं. तिकडे माओवाद्यांचा उठाव तेव्हा जोरात होता. तेव्हापासून दोन्ही अंगांना बंदूकवाला उभा आहे आणि गाठोडं सोडून दाखवावं लागतं.

सगळ्यात मोठा धक्का दिला तो करोनाने. २०२०च्या मार्चमध्ये नेपाळने हद्द बंद केली, दोन दिवसांत आपल्याकडेही टाळेबंदी लागली. हजारो नेपाळी मजूर भारताच्या बाजूला अडकले. धारचुल्याला तर काही पोरांनी महाकाली नदीत उड्या टाकून पोहत पलीकडे जायचा प्रयत्न केला. घर समोर दिसतंय, मध्ये फक्त नदी, आणि पूल बंद. शेकडो वर्षं उघडी असलेली वाट एका कागदावर बंद होते, हे त्या वर्षी पहिल्यांदा कळलं. २०२५च्या सप्टेंबरात काठमांडूत तरुणांचं आंदोलन पेटलं, सरकार पडलं, तुरुंगातून कैदी पळाले. त्या आठवड्यात हद्दीवर पुन्हा ओळखपत्राशिवाय पाऊल टाकणं अवघड झालं.

मग आता नेमकं लागतं काय? नेपाळी माणसाकडे त्याचं नागरिकतेचं प्रमाणपत्र हवं. ते तिकडे वयाच्या सोळाव्या वर्षी मिळतं. त्याहून लहान पोरगा कामाला बरोबर आणला असेल तर त्याला अडवलं जातं, आणि अडवायलाच हवं. बायकामुली असल्या तर चौकशी जास्त. हद्दीवर मुलींची विक्री रोखण्यासाठी पोलीस आणि माइती नेपाळसारख्या संस्थांची माणसं उभी असतात. एखादा गुरखा नव्याने लग्न करून बायकोला बागेत घेऊन येत असेल, तर लग्नाचा कागद जवळ ठेवलेला बरा. नाहीतर खऱ्या नवरा-बायकोलाही तास दोन तास बसवून ठेवतात.

आपल्या माणसाला नेपाळला जायचं तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. आधारकार्डावर मात्र फार जण फसतात. विमानाने जायचं असेल तर आधार फक्त पंधरा वर्षांखालच्या आणि पासष्टच्या वरच्यांना चालतं, मधल्या वयाच्या माणसाला ते दाखवून जाता येत नाही. स्वतःची गाडी घेऊन जाणाऱ्याला नाक्यावर भन्सार म्हणजे जकातीची पावती फाडावी लागते, दिवसांच्या हिशोबाने. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करावं लागतं, ते तेवढं फुकट आहे.

पैशाचं दुखणं सगळ्यात जुनं. हंगामाची कमाई गुरखा एकदम घेतो आणि कमरेला बांधून निघतो. वाटेत लुबाडणूक होते, ही तक्रार दरवर्षीची. २०१६च्या नोटाबंदीत नेपाळात घराघरात ठेवलेल्या आपल्या जुन्या पाचशे-हजाराच्या नोटा तशाच पडून राहिल्या, बदलून मिळाल्या नाहीत. २०१८च्या डिसेंबरात नेपाळने शंभराच्या वरच्या भारतीय नोटा चालवायला बंदी घातली. म्हणजे पन्नास हजार न्यायचे तर शंभराच्या पाचशे नोटा! २०२५च्या अखेरीला ही अट सैल करायच्या दिशेने पावलं पडली, पण नाक्यावरचा माणूस कसा वागतो ते निघायच्या आधी गावाकडे फोन करून विचारून घ्यावं.

खरं म्हणजे रोख नेण्याची गरजच नाही. रिझर्व्ह बँकेची नेपाळला पैसे पाठवायची योजना २००८ पासून आहे. बँक खात्यातून एका वेळी दोन लाखांपर्यंत पाठवता येतात, ही मर्यादा २०२१ साली वाढवली. खातं नसेल तरी रोख भरून पन्नास हजारांपर्यंत जातात, वर्षातून बारा वेळा. किती बागायतदारांना हे माहीत आहे? बँकेत गेलं तर समोरच्या कारकुनालाही कधी माहीत नसतं, पण नेटाने विचारलं तर काम होतं. एक भारतीय रुपया म्हणजे १ रुपया ६० पैसे नेपाळी, हा दर १९९३ पासून बांधलेला आहे. कोणी एजंट कमी देत असेल तर तो मधले खातोय.

सामानाचंही तसंच. घोंगड्या, मुलांचे कपडे, मोबाइल घेऊन माणूस जातो. नेपाळात शंभर नेपाळी रुपयांवरच्या मालाला जकात लावायचा नियम आहे, २०२३ मध्ये तो कडक लावला गेला तेव्हा हद्दीवरच्या बाजारात मोठी ओरड झाली. शंभर नेपाळी म्हणजे आपले बासष्ट रुपये. तेवढ्यात एक चादरही येत नाही. मोबाइलचं बिल असेल तर खोक्यासकट जवळ ठेवावं.

बागायतदाराने आपल्या बाजूने दोन गोष्टी करायला हरकत नाही. गुरख्याची नोंद पोलीस ठाण्यात दिलेली असतेच, त्याची एक प्रत त्याच्याकडे द्यावी. आणि हिशोब करताना किती महिने काम केलं, किती पैसे दिले, हे सहीनिशी एका कागदावर लिहून द्यावं. कमरेला एवढे पैसे कुठून आले असं नाक्यावर विचारलं, तर दाखवायला काहीतरी हवं.

दसरा-दिवाळी तिकडे घरी करून ही माणसं परत निघतात. त्याच्या आधी पंधरा दिवस इकडून फोन जायला लागतात, किती जण येताय, जुनेच येताय की नवे. नवे येणार असतील तर नागरिकतेच्या कागदाचा फोटो मोबाइलवर मागवून घ्या.