दप्तर एक, संगणक अनेक

ग्रामपंचायतीचे दप्तर पूर्वी रुमालात बांधलेले असे. ते एकच असल्याने खरी प्रत कोणती, असा प्रश्न सहसा उद्भवत नसे. आता तेच दप्तर अनेक संगणकांवर नांदते आणि हा प्रश्न रोजचा झाला आहे.

कांद्याच्या देवळा तालुक्यातील एखाद्या गावाचे उदाहरण घेऊ. गारपीटग्रस्त शेतकऱ्यांची यादी ग्रामपंचायतीत विंडोजवर तयार झाली. राखीव प्रत लिनक्सच्या संगणकावर गेली. पुढे मूळ यादीत एक सुटलेले नाव घातले गेले. पण राखीव प्रत जुनीच राहिली. मूळ संगणक बिघडल्यावर हीच प्रत वापरली गेली, तर तो शेतकरी मदतीपासून वंचित राहील.

हे टाळण्यासाठी आज्ञा टंकलिखित करून चालवावयाची साधने आहेत. ‘आरसिंक’ हे साधन ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरस यांनी 1996 मध्ये प्रसिद्ध केले. ते दोन्ही ठिकाणच्या फाइलींचा आकार व बदलाची वेळ ताडून पाहते. ज्या फाइली जुळत नाहीत, त्यांचा केवळ बदललेला भाग जाळ्यावरून पाठविते. त्यामुळे मंद जोडणीवरही काम निभते. लिनक्सवर ते सहज मिळते. विंडोजवर त्यासाठी लिनक्सची उपप्रणाली बसविता येते. विंडोजचे स्वतःचे असे साधन ‘रोबोकॉपी’ होय.

नावांतील भेद

लिनक्स इंग्रजी लहान व मोठी अक्षरे भिन्न मानते. विंडोज सर्वसाधारणपणे मानीत नाही. ‘7/12’ असे फाइलीचे नाव दोन्हीकडे चालत नाही, कारण तिरप्या रेघेला तेथे वेगळा अर्थ आहे. मराठीपुरती अडचण याहून सूक्ष्म आहे. ‘शेतकऱ्यांची’ या शब्दातील ‘ऱ्य’ संगणकात एकाहून अधिक प्रकारांनी साठविता येतो. डोळ्यांना नाव एकच दिसते, यंत्राला मात्र ती दोन नावे वाटतात. परिणामी जुनी व नवी यादी शेजारी शेजारी उभी राहते. म्हणून फाइलींच्या नावांत साधी इंग्रजी लहान अक्षरे, अंक व जोडरेघ वापरणे इष्ट. मजकूर अर्थातच मराठीत असावा.

आधी पडताळणी

मूळ ठिकाणी नसलेल्या फाइली दुसरीकडूनही पुसून टाकण्याची सोय या साधनांत आहे. ती जपून वापरावी. आज्ञेत दिशा उलटी लिहिली गेली, तर जुने दप्तर नव्यावर चढते. आरसिंकला ‘एन’ व रोबोकॉपीला ‘एल’ हा पर्याय दिल्यास प्रत्यक्ष काहीही न बदलता, काय बदलेल याची यादी मिळते. ती वाचूनच खरी आज्ञा द्यावी.

शेवटी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. प्रती जुळविणे म्हणजे दप्तर सुरक्षित ठेवणे नव्हे. एकीकडची चूक दुसरीकडेही तितक्याच इमानाने पोहोचते. तेव्हा ठराविक काळाने एक स्वतंत्र, दिनांकित प्रत वेगळी काढून ठेवावी आणि ती उघडते की नाही, हेही पाहावे.