बाहेरख्यालीच्या पलीकडचं गुपित

केसी लेमन्स यांच्या १९९७च्या ‘ईव्ह्ज बायू’ या चित्रपटात वडिलांची बाहेरख्याली फार वेळ लपून राहतच नाही. १९६२चं लुईझियाना, घरी मेजवानी रंगलेली असताना दहा वर्षांच्या ईव्हला तिचे डॉक्टर वडील, लुई बॅटिस्ट (सॅम्युअल एल. जॅक्सन), एका विवाहितेच्या मिठीत दिसतात. खरा पेच पुढेच आहे. थोरली बहीण सिसली वडिलांनी अतिप्रसंग केल्याचं सांगते. वडिलांचं पत्र नेमकं उलटं सांगतं. पडद्यावर दोन्ही बाजू येतात, निवाडा मात्र होत नाही. इतक्या गंभीर आरोपावर ही पळवाटच, असं कुणी म्हणेल, आणि आक्षेप हलका नाही. पण खुद्द सिसलीलाच काय घडलं ते नक्की सांगता येत नाही. लेमन्स तिला खोटारडी ठरवत नाहीत आणि बापालाही मोकळा सोडत नाहीत. सगळ्यांना भुरळ घालणाऱ्या त्याच्या लाघवीपणानेच तर घर पोखरलेलं असतं. शिवाय हे सुखवस्तू कृष्णवर्णीय कुटुंब गोऱ्यांच्या जाचाने नव्हे, स्वतःच्याच कर्माने मोडतं. त्या काळच्या हॉलिवूडमध्ये अशी कथा दुर्मीळच. समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी तो वर्षातला सर्वोत्तम चित्रपट मानला. ऑस्करचं एक नामांकनही मिळालं नाही; अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत तो पोहोचला २०१८मध्ये.